बारावी बायोलॉजीची बोर्ड परीक्षा: पुण्यातल्या मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की मला तेच तेच प्रश्न यायला लागतात. कॉलेजच्या जिन्यात, रात्री फोनवर, कधी तर मंडईत भाजी घेताना. मी पुण्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. एकाच प्रश्नाचं उत्तर दहा जणांना दहा वेळा घाईघाईत देण्यापेक्षा ते एकदा नीट लिहून ठेवावं, म्हणून हे पान. सगळं राज्य मंडळाच्या परीक्षेला धरून आहे. सीबीएसईच्या मुलांनी पेपरच्या रचनेचा भाग सोडून बाकीचं वाचावं.

पेपर नेमका कसा असतो?

लेखी ७० गुण, प्रात्यक्षिक ३० गुण. लेखी पेपर तीन तासांचा. विभाग ‘अ’मध्ये एका गुणाचे १० बहुपर्यायी प्रश्न आणि एका गुणाचे ८ अगदी छोटे प्रश्न असतात, आणि हे सगळे सोडवावेच लागतात. विभाग ‘ब’मध्ये दोन गुणांच्या १२ प्रश्नांपैकी ८, ‘क’मध्ये तीन गुणांच्या १२ पैकी ८ आणि ‘ड’मध्ये चार गुणांच्या ५ पैकी ३. म्हणजे १८, १६, २४ आणि १२.

२०२३ पासून पेपर संपताना दहा मिनिटं जास्त मिळतात. सकाळच्या सत्राचा पेपर ११ ते २.१० चालतो. या दहा मिनिटांत नवीन उत्तर सुरू करू नका. आकृत्यांना नावं दिली का आणि प्रश्नांचे क्रमांक बरोबर आहेत का, एवढंच बघा.

बहुपर्यायी प्रश्नात नुसतं ‘ए’ किंवा ‘बी’ लिहिलं तर चालतं का?

नाही. पर्यायाचं अक्षर आणि पूर्ण उत्तर दोन्ही लिहावं लागतं, नुसतं एक लिहिलं तर गुण नाही. उत्तर दोनदा लिहिलं तर पहिलंच धरतात. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करायचा. हे सगळं प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं, पण घाबरलेल्या मुलांचे डोळे थेट पहिल्या प्रश्नावर जातात. प्रिलिमला ते पान सावकाश वाचायची सवय लावून घ्या.

मॅडम, बायोलॉजी म्हणजे सगळं पाठांतरच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि मनापासून सांगते, याच समजुतीने सगळ्यात जास्त मुलांचं नुकसान होतं.

माझ्या स्वतःच्या बारावीची गोष्ट सांगते. डीएनए रेप्लिकेशनचं, म्हणजे डीएनएची प्रत कशी बनते त्याचं, पान मी इतक्यांदा वाचलं होतं की डोळे मिटले तरी ते समोर दिसायचं. तीन रंगांच्या पेनांनी ओळींखाली रेघा मारलेल्या. पेपरात नेमका तोच प्रश्न आला. मी आनंदाने फोर्क (डीएनएचे दोन धागे उलगडतात ती जागा) काढला आणि तिथेच अडले. लीडिंग स्ट्रँड कुठली, लॅगिंग कुठली, बाण कोणत्या दिशेने काढायचे, ओकाझाकीचे तुकडे कुठे? डोळ्यांना सगळं ओळखीचं होतं, पण हाताने ते एकदाही काढलं नव्हतं. तो प्रश्न अर्धाच लिहून आले.

वाचताना ‘हे मला येतं’ असं वाटतं, ते बहुतेक वेळा फक्त ‘हे मी पाहिलंय’ असतं. दोन्हींतला फरक पेपरात कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून माझ्या वर्गात एकच नियम आहे. एक मुद्दा वाचला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर तो लिहायचा किंवा काढायचा. मग पुस्तक उघडून लाल पेनने आपणच तपासायचं. जे सुटलं तेवढंच पुन्हा वाचायचं. तीन दिवसांनी तोच कागद पुन्हा, मग पंधरा दिवसांनी. सुरुवातीला फार चिडचिड होते, कारण निम्मं आठवतच नाही. ती चिडचिड सोसा. आठवायला जो जोर लावावा लागतो त्यानेच गोष्ट डोक्यात बसते.

दुसरा उपाय घरातल्या माणसांचा. माझी एक विद्यार्थिनी रोज रात्री आजीला एक मुद्दा मराठीत समजावून सांगायची. हृदयाचा एक ठोका ०.८ सेकंदाचा, त्यात कर्णिका ०.१ सेकंद आकुंचन पावतात, जवनिका ०.३ सेकंद आणि उरलेले ०.४ सेकंद सगळं हृदय विश्रांती घेतं. आजीने विचारलं, ‘अगं, मग दिवसातला निम्मा वेळ ते आरामच करतं की!’ त्या मुलीला तो आकडा कधीच पुन्हा पाठ करावा लागला नाही.

पाठांतर लागतं, पण थोडंच: शास्त्रज्ञांची नावं, हॉर्मोन आणि त्यांची कामं, रोग आणि त्यांचे जंतू. साखळीने लक्षात ठेवलं तर तेही सोपं जातं. ग्रिफिथ १९२८, एव्हरी आणि सहकारी १९४४, हर्शी-चेस १९५२, वॉटसन-क्रिक १९५३, मेसेल्सन-स्टाल १९५८. एकाचा प्रश्न दुसऱ्याने पुढे नेला, ही गोष्ट म्हणून वाचा. ग्रिफिथला कळलं की मेलेल्या जिवाणूंतलं ‘काहीतरी’ जिवंत जिवाणूंना बदलून टाकतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे डीएनए, हे दाखवून द्यायला पुढची सोळा वर्षं लागली.

दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. इंग्रजी शब्द पेलत नाहीत. काय करू?

मीही मराठी माध्यमातलीच, त्यामुळे ही धास्ती मला ठाऊक आहे. आपल्याकडच्या ज्युनियर कॉलेजांत बायोलॉजी इंग्रजीतून शिकवतात आणि पहिले दोन महिने मुलांना वाटतं की आपण ‘ढ’ झालो. तसं काही झालेलं नसतं. दहावीच्या विज्ञानात तुम्ही प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण शिकून आला आहात. बारावीचे ट्रान्स्क्रिप्शन, ट्रान्सलेशन आणि ट्रान्सलोकेशन म्हणजे तेच. जुनं पुस्तक रद्दीत टाकलं असेल तर अप्पा बळवंत चौकातून पुन्हा घेऊन या.

आणि शब्द फोडायला शिका, कारण इंग्रजी पारिभाषिक शब्द बहुतेक ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे असतात. ‘गॅमी’ म्हणजे लग्न. ऑटोगॅमी म्हणजे फुलाचं स्वतःशीच लग्न. ‘गायटन’ म्हणजे शेजारी, म्हणून गायटोनोगॅमी त्याच झाडावरच्या शेजारच्या फुलाशी. ‘झेनोस’ म्हणजे परका, म्हणून झेनोगॅमी दुसऱ्या झाडावरच्या फुलाशी. मी हे असं सांगितलं की वर्ग हसतो आणि व्याख्या कायमची बसते. ‘हायपो’ कमी किंवा खाली, ‘हायपर’ जास्त, ‘एन्डो’ आत, ‘लायसिस’ सुटणं किंवा तुटणं. एवढ्यावर कितीतरी शब्द उलगडतात.

वही तीन रकान्यांची करा: इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि स्वतःच्या भाषेत एक ओळ. समजून घेताना मराठीत विचार करा, पण उत्तरं पहिल्या दिवसापासून इंग्रजीत लिहा. वाक्यं लहान ठेवा. ‘स्पेलिंग चुकलं तर?’ असं विचारतात. मायटोसिस आणि मायोसिस यांच्यासारखे जिथे एक-दोन अक्षरांनी अर्थ उलटतो, ते शब्द दहा-दहा वेळा लिहून काढा. बाकी ठिकाणी जीव टांगणीला लावू नका.

आकृती चांगली येत नाही. चित्रकला कच्ची आहे.

परीक्षक चित्रकलेचे गुण देत नाही. त्याला प्रमाण, जागा आणि नावं बघायची असतात. पेन्सिलने काढा, शेडिंग नको, नावाच्या रेघा आडव्या आणि एकाच बाजूला, एकमेकींना न छेदणाऱ्या.

प्रत्येक आकृतीत एक जागा अशी असते जिथे सगळे चुकतात. ॲनाट्रोपस बीजांड उलटं लटकलेलं असतं, त्याचं मायक्रोपाइल (बारीक छिद्र) खाली देठाच्या बाजूला येतं आणि कॅलाझा (त्याच्या विरुद्ध टोक) वर. मुलं ते सरळ काढून मोकळी होतात. हृदयाच्या आकृतीत डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा जाड हवी, कारण तिला रक्त सगळ्या शरीरभर ढकलायचं असतं. फुप्फुसाची धमनी उजव्या जवनिकेतून निघते आणि तिच्यात अशुद्ध रक्त असतं. कारण माहीत असेल तर हात चुकत नाही.

आठवड्याला चार आकृत्या, घड्याळ लावून, चार मिनिटांत एक. परागकोषाचा छेद, अंडाशयाचा छेद, मेंदू, कान, लॅक ओपेरॉन, पीबीआर ३२२, बायोगॅस संयंत्र. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळ्या पुन्हा एकदा.

जेनेटिक्सची गणितं जमत नाहीत.

पायऱ्या लिहा: पालकांचं दिसणं, त्यांचा जनुकप्रकार, युग्मकं, चौकट, गुणोत्तर. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना काही गुण मिळतात. गुलबक्षीपासून सुरुवात करा. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळी गुलाबी, दुसरीत १:२:१. हेच झाड कोथरूडच्या कितीतरी सोसायट्यांत कुंपणाला लावलेलं आहे, संध्याकाळी फुलतं. गुलबक्षी समजली की एका गुणधर्माचं ३:१ आणि दोन गुणधर्मांचं ९:३:३:१ आपोआप वेगळे दिसायला लागतात. रंगांधळेपणाच्या प्रश्नात मात्र एक्स आणि वाय गुणसूत्रं लिहायला विसरू नका. सगळा प्रश्नच त्यावर उभा आहे.

माझी मुलगी मानवी प्रजननाचा धडा वाचायला लाजते. आम्हालाही त्यावर बोलता येत नाही.

ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात हेच मोठं आहे. पुष्कळ घरांत तो धडा गुपचूप सोडून दिला जातो, आणि मग पेपरात पाळीच्या चक्रावरचा नेहमीचा प्रश्नही हुकतो. तुम्ही एवढंच करा: ती त्या धड्याचा अभ्यास करत असेल तेव्हा टेबलाशी सहज जाऊन बसा आणि ‘चौदाव्या दिवशी काय होतं गं?’ असं विचारा. ती सांगेल की एलएच हे हॉर्मोन वाढतं आणि अंडं बाहेर पडतं. सुरुवातीला लाजेल, तिसऱ्या दिवशी नाही लाजणार.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्याला शंभरावर वर्षं झाली. आपल्या मुलींनी आजही हा धडा दार लावून वाचावा, हे मला पटत नाही. आणि मुलग्यांना वाचायला लावा. त्यांना तो मुलींपेक्षा जास्त लागतो.

शेवटचे पर्यावरणाचे तीन धडे फारच कंटाळवाणे आहेत. नुसत्या व्याख्या!

या प्रश्नावर मी दर वेळी वर्ग सोडून बाहेर जायला सांगते. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जा. वही बरोबर घ्या.

टेकडीवर सगळीकडे दिसणारं ग्लिरिसिडिया म्हणजे गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेतलं. टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून लावलं आणि आता त्याच्याखाली स्थानिक गवत आणि झुडपं फारशी दिसत नाहीत. परक्या प्रजातींचं उदाहरण पाठ करायची गरजच नाही, तुम्ही त्याच्या सावलीत उभे आहात. तिथून पाषाण तलावाकडे उतरा किंवा पुलावरून मुळा-मुठेकडे बघा. जलपर्णी दिसेल, तीही परकी. सांडपाण्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट आलं की ती माजते, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आणि युट्रोफिकेशन (पाण्यात पोषकद्रव्यं साठत जाणं) तिथेच समजतं.

दत्ताच्या देवळापाशी उंबर असतो. पिकलेलं उंबर फोडून बघा, आत किडे सापडतात. उंबर आणि त्याची गांधीलमाशी एकमेकांवाचून जगू शकत नाहीत. हा म्युच्युअलिझम. आंब्याच्या फांदीवरचं बांडगूळ हिरवं असतं, अन्न स्वतः बनवतं, पाणी मात्र आंब्याचं घेतं. अमरवेल तेवढंही करत नाही. गाईच्या पायाशी फिरणारा गायबगळा कॉमेन्सलिझमसाठी (एकाचा फायदा, दुसऱ्याचा ना फायदा ना तोटा) ठेवा.

जैवविविधतेच्या धड्यात देवराई येते. पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास पुण्याच्याच माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात केला. भीमाशंकर अभयारण्य शेकरूसाठी, म्हणजे मूळ जागी संवर्धन. कात्रजचं प्राणिसंग्रहालय म्हणजे जागेबाहेर संवर्धन. दोन गुणांचा फरकाचा प्रश्न पीएमपीच्या एका तिकिटात.

तसं पाहिलं तर पुण्यात राहून बायोलॉजी कंटाळवाणं वाटावं, याचंच मला नवल वाटतं. ऊती संवर्धन (टिश्यू कल्चर) शिकवताना सांगते, पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, १९९० मध्ये ऊती संवर्धनातल्या बांबूला फुलं आणली होती. ज्या झाडाला फुलायला कित्येक वर्षं लागतात त्याला! आणि विषाणूंचा विषय निघाला की एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था. १९५२ पासून ती संस्था या शहरात आहे. करोनाचा विषाणू देशात सर्वांत आधी वेगळा काढला तो तिथे, २०२० मध्ये.

नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) आणि बोर्ड दोन्ही आहे. एनसीईआरटी वाचू की बालभारती?

बोर्डासाठी बालभारतीचंच. आकृत्या, व्याख्या, उदाहरणं तिथलीच. नीटसाठी एनसीईआरटी. घोळ होतो तो क्रमाचा. आपल्या बारावीतले श्वसन-रक्ताभिसरण, नियंत्रण-समन्वय आणि वनस्पतींची वाढ हे विषय एनसीईआरटीत अकरावीला आहेत. त्यामुळे ‘अकरावीचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या नीटवाल्या मुलांना बोर्डाचं ओझं दुप्पट वाटतं. ते धडे दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून एकदाच करा.

सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, वेगळी. बायोलॉजीचे १०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, चुकल्यास गुण कापत नाहीत. बारावीचा भाग ८० टक्के आणि अकरावीचा २०. बोर्डाचा अभ्यास नीट झालेला असेल तर सीईटीचं बरंच काम होऊन जातं. जानेवारीनंतर मात्र फक्त बहुपर्यायी प्रश्न सोडवत बसू नका. लिहायचा हात जातो. नीटमध्ये उत्तम गुण असलेली मुलं बोर्डात तीन गुणांच्या उत्तराला दोन ओळी लिहून आलेली मी पाहिली आहेत.

जुन्या प्रश्नपत्रिका किती वर्षांच्या सोडवायच्या?

सध्याचं पुस्तक २०२० पासूनचं, १५ धड्यांचं. २०२१ ची परीक्षा करोनामुळे झालीच नाही. २०२२ ची झाली, पण २५ टक्के अभ्यासक्रम वगळून. म्हणून पूर्ण अभ्यासक्रमावरच्या प्रश्नपत्रिका २०२३ पासून. फेब्रुवारी-मार्चच्या जोडीला जुलैच्या पुरवणी परीक्षेच्याही घ्या, त्या मुलं विसरतात. २०२० आणि त्याआधीच्या प्रश्नपत्रिका जुन्या पुस्तकावरच्या आहेत, त्यात वेळ घालवू नका.

पाच-सहा पेपर पुरेत, पण तीन तास सलग बसून, खऱ्या पुरवण्यांसारख्या कागदावर. साधारण हिशोब असा: विभाग ‘अ’ला २५ मिनिटं, ‘ब’ला ४०, ‘क’ला ६०, ‘ड’ला ३५. वीसेक मिनिटं हाती राहतात.

कुठले धडे ऑप्शनला टाकले तरी चालतील?

विभाग ‘अ’ला पर्याय नाही आणि त्यात प्रश्न सगळीकडून येतात. पूर्ण धडा सोडू नका. फार झालं तर एखाद्या धड्यातला चार गुणांचा अवघड भाग सोडा, व्याख्या आणि एका गुणाचं सगळं करा.

प्रात्यक्षिकाचं काय?

३० गुण हातचे असतात आणि मुलं ते जर्नलपायी घालवतात. जर्नल वेळेत पूर्ण, तपासलेलं, सही झालेलं हवं. जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलं की तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला कळतं, कारण बाहेरचे परीक्षक तुमच्याच वहीतलं विचारतात. सूक्ष्मदर्शकात आधी कमी क्षमतेच्या भिंगाने शोधा, मग जास्त. कव्हरस्लिप तिरकी धरून हळू सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे पेशी म्हणून दाखवाल. नमुना ओळखताना कारण लिहा. नुसत्या नावावर अर्धंच काम होतं.

तारखांकडे लक्ष ठेवा. २०२३ आणि २०२४ ला लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, २०२५ ला ११ फेब्रुवारीला. त्या वर्षी प्रात्यक्षिकं २४ जानेवारीलाच सुरू झाली होती. दादाच्या वेळी असं होतं, यावर विसंबून राहू नका.

अभ्यासिकेत जावं का?

सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिका भरपूर आहेत आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांची शिस्त बघून हुरूप येतो, हे खरं. पण तिथे बोलता येत नाही. बायोलॉजी मोठ्याने समजावून सांगत शिकायचं असतं. फिजिक्सची गणितं तिथे करा, बायोलॉजी घरी. आणि झोप सोडू नका. रात्री दोनला वाचलेला न्यूरॉन सकाळी सापडत नाही.

पेपरच्या दिवशी सकाळी काय वाचू?

लाल पेनने दुरुस्त केलेले तुमचेच कागद. नवीन काही नाही. केंद्र आदल्या दिवशी बघून या, लक्ष्मी रस्ता किंवा विद्यापीठ चौकातून जायचं असेल तर अर्धा तास जास्त धरा. पेपर सुरू व्हायच्या अर्धा तास आधी हजर असावं लागतं. हॉल तिकीट, दोन पेनं, टोक केलेल्या तीन पेन्सिली, खोडरबर. पोटात काहीतरी असू द्या.

निकालात अपेक्षेपेक्षा फार कमी गुण आले तर?

आधी छायाप्रतीसाठी ऑनलाइन अर्ज करा. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करावा लागतो. म्हणून ती हातात आली की त्याच दिवशी आपल्या शिक्षकांकडे जा. गुणपडताळणी वेगळी, तीत फक्त बेरीज आणि न तपासलेला भाग बघतात.

मागे एक मुलगी अशीच रडत छायाप्रत घेऊन आली. आम्ही दोघी पंख्याखाली बसून पान पान बघत गेलो. चौदाव्या पानावर मेंदूची आकृती होती, सुरेख काढलेली, आणि तिच्यावर एकही नाव नव्हतं. तिने बराच वेळ त्या पानाकडे बघितलं, मग माझ्याकडची पेन्सिल मागितली आणि छायाप्रतीवरच सगळी नऊ नावं न अडखळता लिहून दाखवली.